परभणीचे अकरा दिवस

दिनांक ९ मार्च २०६१, बुधवार, सकाळी साडेदहा वाजता, सांगली येथील केशलेख केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, निवृत्त गणित शिक्षक तन्मय हुपरीकर, वय साठ, यांच्या एका केसाचे वाचन पूर्ण झाले.

केशलेख म्हणजे केसाने लिहून ठेवलेली रोजनिशी. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे एका दिवसाच्या वाट्याला मिलिमीटरचा एक तृतीयांश भाग येतो. त्या दिवशी रक्तात जे औषध असेल, त्याचा अंश त्या भागात कायमचा बंदिस्त होतो. हे वाचणारे यंत्र आल्यापासून डॉक्टरांनी रुग्णाला विचारणे सोडून दिले होते. ही सुधारणा होय, असे सर्वजण मानीत; ती निव्वळ सुधारणा नव्हती. रक्तात काय पोहोचले, एवढेच यंत्र सांगते. तोंडात काय गेले, कशाबरोबर गेले आणि कोणाची नजर चुकवून गेले, हे ते सांगत नाही.

हुपरीकरांच्या रक्तात बारा वर्षांपासून एचआयव्ही होता. रोज एक गोळी घेतली की हा विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबतो, आणि तो तसा दबलेला राहिला की शरीरसंबंधातून जोडीदारापर्यंत पोहोचत नाही. रोग इतका निर्बल झाला होता. त्याच्या नावाची लाज मात्र होती तेवढीच होती. हुपरीकरांनी पत्नीला काहीच सांगितले नव्हते. गोळी चालू आहे तोवर सांगण्याचे कारण नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि युक्तिवाद म्हणून तो बिनचूक होता. परंतु गेल्या महिन्यात विषाणू पुन्हा सापडला. आजही पत्नी ऋतुजा बाहेर बाकावर बसली होती ती केसगळतीची तपासणी आहे असे समजून.

पडद्यावर सहा महिन्यांची पट्टी उमटली. एका दिवसाचे एक घर; औषध सापडले की गडद, नाही सापडले की फिकट. सगळी फिकट, मध्ये अकरा घरे तेवढी गडद.

"सर, गोळ्या चुकल्यात," डॉ. इनाया मुजावर म्हणाली. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

"एकही नाही. रोज सकाळी सात वाजता, रिकाम्या पोटी."

"केस तसं म्हणत नाही."

"मग मी खोटं बोलतो असं सरळ म्हण ना."

"मी कशाला म्हणू? वर्गात तुम्हीच ओरडायचात, नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखव. माझे चार मार्क त्यातच गेले. आता तुम्ही दाखवा. सात वाजता नेमकं काय करता?"

पायऱ्या दाखवल्या नाहीत तर हुपरीकर खोटे ठरत होते. दाखवल्या तर क्षुद्र. ते टेबलाच्या कडेकडे पाहत बोलू लागले.

"शाळेत होतो तोवर गोळ्या तिथल्या कपाटात असायच्या. पाण्याबरोबर घ्यायचो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, कपाट गेलं. घरात गोळी दिसली तर ऋतुजा विचारणार. म्हणून..."

"म्हणून?"

"शंखभस्माच्या बाटलीत पुरून ठेवतो. चमचाभर भस्माबरोबर गिळतो. तिला वाटतं, पित्तासाठी घेतोय."

इनायाने कपाळाला हात लावला. "सर, शंख म्हणजे कॅल्शियम! तुमची गोळी पोटातच त्याला चिकटते आणि रक्तात न जाता तशीच बाहेर पडते. भस्माच्या दोन तास आधी घ्यायची, नाहीतर सहा तासांनी. कुणी सांगितलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

इनायाने गडद घरांवर बोट ठेवले. "आणि हे?"

"परभणी. परीक्षकांचं शिबिर होतं नोव्हेंबरात. खोलीत एकटाच होतो. नुसत्या पाण्याबरोबर घेतली."

"मॅडमचं रक्त आजच तपासायला हवं. कशासाठी, ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

ऋतुजाला आत बोलावले. हुपरीकरांनी सर्व सांगितले. रोगाचे नाव घेताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की ते त्यांना दोनदा उच्चारावे लागले.

पर्स मांडीवर घट्ट धरून ती ऐकत होती. "दीड वर्षापूर्वी बाटली धुवायला घेतली तेव्हा सापडल्या गोळ्या," ती म्हणाली. "केमिस्टला एक दाखवली. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मिरजेला रक्त देऊन येते. अजून तरी काही निघालं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तुला ओशाळं वाटू नये म्हणून भस्मसुद्धा मीच आणत राहिले. संपायच्या आत."

इनायाने तिला भस्माचे आणि गोळीचे सगळे समजावून सांगितले. ऋतुजाने चष्मा लावला आणि पट्टी डावीकडून उजवीकडे, एकेक दिवस, पाहत गेली. गडद घरांपाशी ती थांबली.

"ही कुठली?"

"परभणी," हुपरीकर म्हणाले.

तिने ती घरे बोटाने मोजली. अकरा भरली.

"म्हणजे मी जवळ नसले तरच तुला औषध लागू पडतं," ती म्हणाली.