बाज्याच्या घड्याळाचा उजेड

"ताई, लवकर या! सांजेला पंच बसणार. मला डाकीण ठरवतील."

फोनवर डोंगरातल्या पाड्यावरची रमिलाबाई होती. धडगाव पोलीस ठाण्याच्या सोनम पावराला पुढचं कुणी समजावायला नको होतं. ती याच डोंगरातली. डाकीण ठरलेली बाई गावात राहत नाही. कधी कधी जिवंतही राहत नाही. ठाण्याची गाडी साहेबांबरोबर नंदुरबारला गेली होती. मग काय, सोनम मिळेल त्या जीपमध्ये पुढे चढली.

"धरीसन बसा ताई, घाट शे," ड्रायव्हर ईश्वर म्हणाला. तो त्याच पाड्याचा, रमिलाबाईचा पुतण्या. शहाद्याच्या स्टँडवर गाडी लावून लावून त्याच्या तोंडी अहिराणी बसली होती. समोरच्या काचेखालच्या खोल कोनाड्यात देवीची तसबीर होती. तिच्याभोवतीची नक्षी सावलीत हिरवीगार उजळत होती.

"काय झालं रे काकीकडे?"

"मन्हीच काकी, काय सांगू! कोठीमागे टॉर्च मारून सूप शोधत होतो. आमच्या पणज्याचं, बाज्याबाबाचं, घड्याळ कापडात गुंडाळलेलं होतं. कापडातूनही उजेड येत होता. दोन दिवसांत शेजारच्या छबूबाईची दोन्ही पोरं तापली."

पाड्यावर रमिलाबाई दाराला पाठ लावून बसली होती. बाहेर माणसं जमली होती, पण तिच्या अंगणात कुणी पाय ठेवत नव्हतं. सोनम माणसांतून वाट काढत थेट अंगणात गेली. एकटी पोलीस, आणि माणसं पन्नास.

"घड्याळ आधी उजळायचं?" तिने विचारलं.

"सासू सांगायची, पूर्वी उजळायचं. मी या घरात आले त्याला चाळीस वर्षं झाली. मी तर कधीच पाहिलं नाही."

"मग पूर्वी भीती नाही वाटली कुणाला?"

उत्तर पंचांतल्या दोधूबाबांनी दिलं. वय पंच्याऐंशी. "वाटली ना! बाज्या पहिल्या महायुद्धात मजूर म्हणून इराकात बसऱ्याला गेला होता. परत आला तो हे रात्री चमकणारं घड्याळ घेऊन. लोक पळाले. मग हिवतापाची साथ आली. सरकारी क्विनाइन नवंनवं आलेलं, कुणी तोंडाला लावेना. बाज्या रात्रभर घड्याळ बघून वेळेवर गोळ्या द्यायचा. माझा बाप तसाच वाचला. त्या साली पाड्यातून एकाही बाईला हाकललं नाही."

म्हाताऱ्याने रमिलाबाईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. आपण आज इथे कशाला बसलोय, हे त्याला आठवलं असावं.

"दोन माणसं आत चला," सोनम म्हणाली. दोधूबाबा आले, ईश्वर आला. दार लावलं. भर दुपारी आत काळोख झाला. तिने कोठीमागून घड्याळ काढून कापड सोडलं.

काहीच चमकलं नाही.

"बघा, पोलिसांना घाबरलं!" ईश्वर हसला. पण ते हसू टिकलं नाही.

सोनमने मोबाइलची टॉर्च घड्याळावर धरली. मनात वीस मोजले. टॉर्च बंद केली. आकडे हिरवेगार उजळले. दोधूबाबांच्या तोंडून "आई गं!" निघालं.

तिने दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "जुन्या घड्याळाला रेडियमचा रंग होता. त्याला उजेड दाखवावा लागत नसे, तो आपणहून चमकायचा. पण पन्नासेक वर्षांत ती चमक विझते. म्हणून रमिलाबाईने कधी पाहिली नाही. आज आहे तो नवा रंग. याला आधी उजेड पाजावा लागतो. कापडात गुंडाळलेला हा रंग चमकणारच नाही. मग ईश्वरला कापडातून उजेड कसा दिसला?"

"मला काय माहीत?"

"तुझ्या जीपमधल्या देवीभोवती हाच रंग आहे."

"रंग बाजारात कुणीही घेईल ताई!"

"घेईल. नवा लावायला जुना खरवडावा लागला, काचेच्या आत खुणा आहेत. ऐका सगळे. रेडियमची चमक जाते, विष जात नाही. ज्याने खरवडला त्याने आजच जिल्ह्याच्या दवाखान्यात जावं. भुकटी नाकातोंडात गेली तर हाडात बसते."

हे तिने घाबरवायला सांगितलं नव्हतं. ते खरंच होतं. ईश्वरचा चेहरा पांढरा पडला. त्याने हात पँटला पुसले, परत पुसले.

"आणि... फुंकर मारली असेल तर?"

सगळ्या नजरा ईश्वरकडे वळल्या.

"रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा मागितला होता त्याने," रमिलाबाई हळूच म्हणाली. "हॉटेल टाकायचं म्हणे. मी नाही म्हटलं."

"काकी, मला मरायचं नाही!" ईश्वर मटकन खाली बसला.

"मलाही नव्हतं रे," रमिलाबाई म्हणाली.

तेवढ्यात आरोग्य कर्मचारी आमशा छबूबाईच्या घरून आला. पोरांचं रक्त तपासलं होतं. हिवताप. तीन दिवसांच्या गोळ्या, पहिली आता दिली. सोनमने घड्याळ पिशवीत बांधून घेतलं आणि ईश्वरला उठवलं. आधी दवाखाना, मग ठाणं.

रमिलाबाई दारातच बसून राहिली. उद्या हीच माणसं पाणवठ्यावर भेटणार होती.

छबूबाई अंगणाच्या कडेला बराच वेळ उभी होती. सकाळी 'डाकीण' म्हणून ओरडण्यात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. शेवटी तिने अंगणात पाय टाकला आणि गोळ्यांची पुडी पुढे केली.

"दुसरी उद्या याच वेळेला द्यायचीय," ती खाली बघत म्हणाली. "काकी, तू येशील द्यायला?"