त्या दुपारी पाऊस होता का?

दार करकरलं तेव्हा डिंकीचे दोन्ही हात मनगटापर्यंत खळीत बुडालेले होते, आणि नेमकी त्याच क्षणी तिच्या नाकाच्या शेंड्याला अशी खाज सुटली होती की जीव नको व्हावा. ग्रंथालयाच्या देवघेव-खिडकीवरची मैत्रीण आली असणार असं समजून तिनं डोळे मिटूनच तोंड पुढे केलं.

"बरं झालं बाई आलीस! आधी माझं नाक खाजव. शेंड्यावर... लवकर!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग काहीतरी जड टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि एका बोटानं, जणू फुलपाखरू उडून जाईल अशा बेतानं, तिचं नाक खाजवलं.

"डावीकडे जरा... हां... आहाहा, सुखी राहा!"

"आभारी आहे," एक पुरुषी आवाज म्हणाला.

डिंकीनं डोळे उघडले. समोर उंच, किडकिडीत, चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब घेऊन एक तरुण उभा होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. तिचेही झाले असणार, पण हात खळीत असल्यानं तिला ते झाकता येईनात.

"मी... वेधशाळेतून आलोय. ही नोंदवही दुरुस्तीला द्यायची होती. पानं चिकटलीत. भिजली होती."

"पाऊस मोजणाऱ्यांच्या वह्या पावसात भिजल्या?" लाज लपवायला डिंकीला थट्टा बरी पडायची.

"पावसात नाही हो. कपाटावरचा नळ फुटला," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि मग त्यालाच हसू आलं.

सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या या खोलीत फाटकी, वाळवी लागलेली, भिजलेली पुस्तकं यायची आणि धडधाकट होऊन जायची. हे सारं डिंकीचं काम. डिंकासारखी कामाला चिकटून बसते म्हणून वडिलांनी लहानपणी ठेवलेलं नाव ग्रंथालयातही रूढ झालं होतं. तिनं हात धुतले, वहीभोवतीचं मेणकापड सोडलं, पुठ्ठ्यावरचं साल वाचलं आणि किंचाळली.

"काय झालं? झुरळ?" तो दोन पावलं मागे सरला.

"हे साल! यात सप्टेंबर आहे? अठरा सप्टेंबर?"

आता त्यानं चष्मा काढला. थेंब पुसले. पुन्हा घातला. "तुम्हीही... घड्याळवाल्याच्या खुनातल्या?"

अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी, अठरा सप्टेंबरच्या दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, याच शहरातल्या एका घड्याळवाल्याचा आणि त्याच्या बायकोचा राहत्या घरी खून झाला होता. हत्यार दुकानातलंच, मोठ्या घड्याळाचं लोखंडी वजन. खुनी सापडला नाही. तेव्हापासून शहरात दोन तट होते. एक तट म्हणे पुतण्यानं मारलं, दुसरा म्हणे माडीवरच्या भाडेकरू संगीतशिक्षकानं. यावरून मैत्र्या तुटल्या होत्या, म्हणतात एक ठरलेलं लग्नसुद्धा मोडलं होतं.

"पुतण्याच!" डिंकी म्हणाली. "जबानीत म्हणतो, 'दुपारभर टेनिस खेळत होतो.' आणि दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र म्हणतं, मुसळधार पाऊस होता. मुसळधार पावसात टेनिस खेळतात का? पाण्यातली बदकं आहेत का ती?"

"त्याच्या मित्रानं दुजोरा दिलाय."

"चोराची साक्ष गाठीचोर!"

"भाडेकरू," तो शांतपणे म्हणाला. "माडीवर बसून होता, खाली दोन माणसं मेली, आणि याला ऐकू काही आलं नाही. का? तर म्हणे पत्र्यावर पाऊस वाजत होता. पाऊस नसलाच तर?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पाऊस असेल तर पुतण्या खोटा. पाऊस नसेल तर भाडेकरू खोटा. आणि उत्तर त्यांच्या मधोमध, टेबलावर, विटेसारखं चिकटून पडलं होतं.

"उघडा ना!" तो कुजबुजला.

"उघडा काय? पेटी आहे का ती? वीस ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सगळं घट्ट झालंय. मधेच पातं घातलं तर चिंध्या होतील. एकेक पान ओलसर टिपकागदात ठेवून, सोडवत सोडवत जावं लागेल. दिवसाला दोन पानं, फार तर."

"म्हणजे पंधरा दिवस," त्यानं हिशेब केला. का कुणास ठाऊक, त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. "मी... रोज चौकशीला आलो तर चालेल?"

"वही सरकारी आहे. या की."

तो रोज साडेबाराला येऊ लागला. ग्रंथालयात त्याला 'पाऊसवाले' हे नाव पडलं. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहिला, दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसला, चौथ्या दिवशी डिंकीनं त्याच्या हातात टिपकागद दिला. तो श्वास रोखून कागद धरायचा. ती हाडाची पट्टी पानाखाली सरकवायची, केसाइतकी... आणखी केसाइतकी... आणि पान सुटलं की दोघांचा श्वास एकदमच सुटायचा.

सुटलेलं पान तो वाचून दाखवायचा. तापमान, वारा, पाऊस. शेवटच्या रकान्यात त्या काळच्या निरीक्षकाचा शेरा.

"'ढग आले, विचार बदलून गेले,'" तो वाचायचा. "'आज पाऊस नाही. छत्री उगाच वागवली.'"

"मला हा माणूस आवडायला लागलाय," डिंकी म्हणाली.

"अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीचा आहे."

"मग काय झालं? निदान मनातलं लिहून तरी ठेवायचा. हल्लीचे निरीक्षक नुसते आकडे लिहितात."

पाऊसवाल्याचे कान लाल झाले. "हल्लीच्या निरीक्षकांना... रकाना छोटा दिलाय हो."

ती खाली मान घालून हसली. पट्टी जरा हलली, पान जवळजवळ फाटलंच होतं.

डिंकीच्या उतावळेपणाला आणखी एक कारण होतं. कोर्टातून टंकलेखक म्हणून निवृत्त झालेले तिचे बाबा चाळीस वर्षं या खुनाच्या मागे होते. वर्तमानपत्रातला तो 'मुसळधार' शब्द त्यांनीच शोधून काढला होता. आता घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज फुटक्या भोंग्यासारखा झाला होता, म्हणून त्यांचं सारं संशोधन शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ग्रंथालयाच्या सभागृहात डिंकी मांडणार होती. बाबांनी कोट इस्त्रीला टाकला होता. रोज रात्री जेवताना ते विचारायचे, "कुठवर आलं गं?" आणि ती तारीख सांगायची. सात सप्टेंबर. अकरा. चौदा.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणायचे. "पण असू दे आरसा. छान दिसेल."

शनिवारी सकाळी सतराचं पान सुटलं. दुपारी बारा वाजता अठराचं.

पाऊसवाला अजून आला नव्हता. खोलीत ती एकटीच. वाचायच्या आधी तिनं डोळे मिटले, मग एकच उघडला.

'पाऊस दुपारी ४.४० ला सुरू, ६.१० ला थांबला. जोरदार. त्याआधी दिवसभर कोरडं, वारा पडलेला.'

चार चाळीस. म्हणजे वर्तमानपत्राचा बातमीदार घटनास्थळी धावला तेव्हा मुसळधार कोसळत होता खरा, पण खून त्याआधीच झाले होते. पुतण्या आरामात टेनिस खेळला असेल. डिंकीच्या तोंडचं पाणी पळालं. इस्त्री केलेला कोट डोळ्यांसमोर आला. चाळीस वर्षं...

टेबलावर ओला बोळा होता. शाई जुनी, कच्ची. एकदा बोळा फिरवला तरी तो चारचा आकडा कायमचा पुसला जाईल, आणि नळाच्या पाण्यानं गेला म्हणता येईल. कुणाला कळणार होतं? तिनं बोळ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्याच विचाराला घाबरून बोळा उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिरकावला.

तो आला तेव्हा ती म्हणाली, "जिंकलात. कोरडं होतं."

तो नाचेल, निदान टाळी तरी वाजवेल असं तिला वाटलं होतं. तो वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, "आज हे सगळ्यांसमोर सांगणार?"

"सांगणार."

"थांबा, मला तुम्हाला एक—"

"विजयाचं भाषण नंतर करा हो! मला अख्खं व्याख्यान नव्यानं लिहायचंय." तो दाराशी पडलेला बोळा उचलून बादलीत टाकून गेला.

पाच वाजता सभागृह खच्चून भरलं. पुतण्यावाले डावीकडे, भाडेकरूवाले उजवीकडे, जणू वऱ्हाडच. पहिल्या रांगेत बाबा, कोट घालून, ताठ. डिंकीनं पुतण्याविरुद्धचा सगळा पुरावा मांडला. डावीकडून टाळ्या पडल्या. मग तिनं वही उघडली आणि शेरा वाचला. जसाच्या तसा.

"म्हणजे बाबा..." ती व्यासपीठावरून सरळ त्यांनाच म्हणाली, कारण आता बाकी कुणी दिसतच नव्हतं, "आपण चुकलो असू. मला दुपारीच कळलं. तुम्हाला आधी सांगायला धीर झाला नाही."

बाबा उठले. कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"चाळीस वर्षं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नवीन कळलं! अगं, मग मारलं कुणी?"

सभागृहात एकच गलका उडाला. उजवीकडचे "भाडेकरू! भाडेकरू!" म्हणून ओरडू लागले. बाबांचे डोळे एखाद्या पोरासारखे चमकत होते. डिंकीचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात मागच्या रांगेत एक उंच, किडकिडीत आकृती हात वर करून उभी राहिली.

"मी वेधशाळेत काम करतो," पाऊसवाला म्हणाला. "मी भाडेकरूच्या तटाचा. तरी सांगणं भाग आहे. हा पाऊस मोजला गेला तो टेकडीवरच्या आमच्या भांड्यात. घड्याळवाल्याचं घर तिथून सात किलोमीटरवर. असे पाऊस फार लहरी असतात. एका गल्लीत धो धो, दुसरीत धूळ. आकडा खरा आहे, पण तो आमच्या टेकडीपुरता खरा आहे. घरावर काय झालं, ते या वहीवरून छातीठोकपणे नाही सांगता येणार."

"म्हणजे पुतण्या अजून सुटला नाही!" बाबा ओरडले, आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या पाठीत त्यांनी जोरात थाप मारली. मग जो काही गोंधळ उडाला त्याला सीमाच राहिली नाही. खुर्च्या सरकल्या, नकाशे उलगडले, कुणीतरी फळ्यावर गल्ली काढू लागलं.

डिंकी वही बंद करून मागच्या दारानं बाहेर आली. पायऱ्यांवर तिरकं पिवळं ऊन पडलं होतं. तो तिथं उभा होता, पळून जावं की थांबावं हे न ठरल्यासारखा.

"खरं होतं ते? की मला वाचवायला रचलंत?"

"खरं. कोणत्याही वेधशाळेत विचारा."

"मग जिंकलेला डाव असा का उधळलात?"

"तुम्ही तुमचा डाव उधळलात ना... खुर्चीत बसवेना मला."

ती एक पायरी खाली आली. मग कपाळाला आठी पडली. "एक मिनिट! हे तुम्हाला आज कळलं?"

तो चष्मा पुसू लागला. चष्म्यावर काहीही नव्हतं.

"म्हणजे... पहिल्या दिवशीच माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात शिकवतात आम्हाला."

"आणि मी पंधरा दिवस जीव मुठीत धरून पानं सोडवतेय! बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही वही दुरुस्त करून, पोच हातात देऊन मला वाटेला लावलं असतं. मग रोज साडेबाराला मी... कुठल्या तोंडानं आलो असतो?" तो थबकला. "आज दुपारी सांगणार होतो. खरंच. तुम्ही बोलू दिलं नाहीत." मग एकदम त्याचे डोळे मोठे झाले. "तुम्ही आत्ता मला काय म्हणालात? 'नाहीस'?"

"ऐकू आलं ना? मग उलटतपासणी कशाला?"

त्यानं चष्मा खिशात घातला. चष्म्याशिवाय तो फार लहान दिसत होता, आणि फार घाबरलेला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "नाक खाजवलं तेव्हापासून. यात दुसरा तट नाही."

डिंकीला शंभर चुरचुरीत उत्तरं सुचली. त्याऐवजी तिनं वही डाव्या काखेत घेतली आणि उजवा हात पुढे केला. बोटांवर खळ वाळलेली होती. त्यानं तो हात दोन्ही हातांत घेतला.

"चिकटेल हं," ती म्हणाली.

"चिकटू दे."

आत बाबांचा फुटका भोंगा सगळ्यांच्या वर वाजत होता. त्यांनी आता पुतण्या सोडून घड्याळवाल्याच्या मेहुण्यावर संशय घेतला होता, आणि दोन्ही तट एक होऊन त्यांच्यावर तुटून पडले होते. पायऱ्यांवरच्या दोघांना त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही.