चिंचोटीचा फाटा

चोपन्न साली मी वालीवहून केळ्यांची लॉरी मुंबईला नेत असे. आमच्या वसईच्या खाडीवर लॉरी जाईल असा पूल नव्हता. चिंचोटी, कामण, भिवंडी असा वळसा घालून ठाणे गाठायचं. तिथून दोन वाटा. कुर्ल्यावरून जवळची, पण तिथे हातगाड्या आणि गिरण्यांच्या ट्रकांत अडकलं की तासन्‌तास सुटका नसे, केळी काळी पडत. घोडबंदर-बोरिवलीची लांबची, पण मोकळी.

कुठली धरायची, हे मला धोंडूबाई सांगायची.

चिंचोटीच्या फाट्यावर चिंचेखाली ती ताडगोळे विकायची. जन्मात खाडीपलीकडे गेली नव्हती. माझी लॉरी थांबली की अनवाणी रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राही आणि डोळे मिटी. माझं व्हिक्टर हे नाव तिच्या तोंडी इक्टर होई.

"इक्टर, कुर्ला नको आज. लय गाड्या हायत."

पहिल्यांदा मी हसलो, कुर्ल्यावरूनच गेलो आणि पुढे शीवला तीन तास अडकलो. नंतर कधी हसलो नाही.

"मावशी, तुला कसं कळतं?"

"पायाला कळतं."

अजून तो फाटा डोळ्यांपुढे येतो. तापलेली खडी, मिठागरावरचा खारा वारा, ताडगोळ्यातलं गार पाणी. एक गाडी गेली की तिची धूळ खाली बसेपर्यंत दुसरी येत नसे.

त्या मे महिन्यात माझी बायको सालोमी बाळंतपणात अडली. वसईच्या डॉक्टरांनी हात टेकले. "मुंबईला न्या. दुपारच्या आत."

सकाळी आठला मी तिला लॉरीत गोधड्यांवर निजवलं. माझी आई तिच्या उशाशी बसली. मागून माझा मित्र बॅप्टिस्ट त्याची लॉरी घेऊन निघाला. वाटेत माझी बंद पडली तर सोबत असावी म्हणून.

फाट्यावर धोंडूबाई आधीच रस्त्यात उभी होती. मी काही विचारण्याआधीच ती निखाऱ्यावर पाय पडल्यासारखी मागे सरली.

"यो रस्ता धरू नको."

"कुर्ल्याला गर्दी आहे?"

"कुर्ल्याला नाय. हितं."

मी समोर पाहिलं. कामणकडे जाणारा रस्ता ओस पडला होता. कडेला एक बगळा, बाकी ऊन.

"मावशी, इथं कोणी नाही."

"हायत. हालत नायत." तिचे ओठ पांढरे पडले होते. "जूचंद्रला जा. पांडूची होडी हाय. भरतीवर घोडबंदरला सोडंल."

बॅप्टिस्ट खाली उतरला. "म्हातारीच्या नादी लागून बायकोला होडीत घालतोस?"

मागून सालोमीचा आवाज आला. "तिचं ऐक."

मी लॉरी वळवली. बॅप्टिस्ट म्हणाला, "मी सरळ जातो. तुझ्याआधी इस्पितळात पोहोचून डॉक्टरला तयार ठेवतो."

पांडूने होडी सोडली. घोडबंदरला एका वाळूवाल्याने आम्हाला लॉरीत घेतलं. साडेअकराला सालोमी टेबलावर होती. एकला मुलगी झाली. तिचं नाव रोझलीन.

बॅप्टिस्ट आला नव्हता.

तो ठाण्याला पोहोचला दुसऱ्या दिवशी दुपारी. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. कामणच्या लोकांना विचारलं, तर ते म्हणाले, रस्ता दिवसभर मोकळा होता. त्याची लॉरी कुणी पाहिलीच नाही.

धोंडूबाई त्यानंतर कधी रस्त्यावर उतरली नाही. विचारलं की मान फिरवायची. दोन पावसाळ्यांनी ती गेली.

बॅप्टिस्टने लॉरी विकली. त्या दिवसाबद्दल वर्षभर तो बोलला नाही. मग एका रविवारी, चर्चमधल्या मिसानंतर, त्याच्या ओसरीवर आम्ही दोघेच असताना म्हणाला,

"गाड्या होत्या, व्हिक्टर. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. नजर पोहोचेल तिथवर. इंजिनं चालू, पण कुणी हलत नव्हतं."

"कुणाच्या गाड्या?"

"मी उतरून काचा ठोठावल्या. आत माणसं होती. एकानंही वर पाहिलं नाही."

"मग काय करत होती?"

त्याने स्वतःचा उघडा हात पुढे धरला.

"माना खाली घालून आपापल्या तळहाताकडे बघत होती. तळहातात उजेड होता."