बायपासवरचं चेकिंग

भुताची गोष्ट पाहिजे ना? मग बसा पायरीवर, आणि नोहा, तो मोबाईल आधी खिशात घाल. एसटीच्या डेपोत अठ्ठावीस वर्षं मी कंट्रोलर होतो. वेळ सांगेन ती घड्याळाची, आणि माणूस सांगेन तो माझ्या ओळखीचा.

गेल्या वर्षीची अठरा जानेवारी, शनिवार. रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आमचा बेंजामिन मिस्त्री केडगावच्या गॅरेजमधून टेम्पो घेऊन निघाला. टेम्पोत एक मोटरसायकल, दोराने बांधलेली. ती बायपासवर नेऊन द्यायची, एवढंच काम. जामखेडचा ओम नावाचा पोरगा एक वाजता तिच्यावर शर्यत लावणार होता.

बेंजामिन तुम्हाला ठाऊक आहे. वर्कशॉपला माझ्याबरोबर होता, पुढे त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस. हात असा, की मेलेलं इंजिन बोलतं करील. शर्यतवाली पोरं त्याला बेंजूमामा म्हणायची आणि तो त्यांच्या गाड्या हलक्या करून द्यायचा. मडगार्ड काढ, स्टँड काढ, दिवा काढ. पुढचा ब्रेकसुद्धा काढ! मी विचारलं होतं एकदा, "अरे, थांबायचं कशानं?" तर हसून म्हणाला, "कंट्रोलर, सरळ चारशे मीटर जायचं. थांबायची घाई कुनाला हाय?"

या उत्तरावर मीही हसलो होतो. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

आता त्याच्या वर्षभर आधीचं, समर्थचं ऐका, कारण गोष्ट खरी त्याचीच आहे. राहुरीकडचा पोरगा, वीस वर्षांचा. पंचेचाळीस हजारांची जुनी गाडी घेतलेली. तिकडे लांब एका धावपट्टीवर रीतसर शर्यत होती, तिथे गेला. तिथे आधी चेकिंग असतं. तोंड झाकणारं हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे, बूट, दोन्ही ब्रेक. चेकिंगवाल्यानं याला दारातूनच परत पाठवला. सगळा साज घ्यायचा तर साठ-सत्तर हजार. नाकापेक्षा मोती जड! नियम चुकीचे नव्हते, मी म्हणत नाही तसं. पण गरिबाच्या पोराला दोन तासांसाठी एक सूट भाड्यानं द्यावा, एवढी अक्कल नियम करणाऱ्यांना नव्हती. बायपासवर मात्र कुणी काही विचारत नाही. तिथे सगळं फुकट.

पोरगा गॅरेजवर येऊन रडला. त्याचा काढलेला पुढचा ब्रेक तिथेच फळीवर पडला होता. बसवायला अर्धा तास लागला असता. बेंजामिन म्हणाला, "रडतो कशाला? बायपास आपलाच हाय की."

त्याच आठवड्याच्या शनिवारी समर्थ बायपासवर पळाला. जिंकलाही म्हणतात. पुढे उसाची ट्रॉली उभी होती, पंक्चर झालेली, मागे ना दिवा ना लाल पट्टी. तिच्यावरच जाऊन आदळला.

मग जे झालं ते सांगताना मला किळस येते, पण सांगतो. पन्नास-साठ जण होते तिथे. अर्ध्यांनी मोबाईल काढले. पैजेचे पैसे ज्याचे त्यानं खिशात घातले आणि गाड्यांना किक मारली. पोरगं जिवंत होतं. पाणी मागत होतं, पहाटेपर्यंत गेलं. एकानंही त्याला उचललं नाही. आणि बेंजामिननं काय उचललं? गाडी. इंजिनावर त्याच्या हातची खूण होती, पोलिसांनी ओळखलं असतं. शिवाय इंजिन चांगलं होतं.

आठवड्यानं समर्थची आई, मुक्ताबाई, गॅरेजवर आली. "मिस्त्री, माझ्या लेकाची गाडी कुटं दिसली का हो?" यानं तिला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि म्हणाला, "न्हाई बाई, मला काय म्हाईत न्हाई." इंजिन तेव्हा तिच्या खुर्चीमागच्या पोत्यात होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

वर्षानं तेच इंजिन त्यानं ओमच्या गाडीत चढवलं. अठरा जानेवारीला टेम्पोत बांधली होती ती हीच गाडी.

तर बारा वाजायला पाच मिनिटं असताना टेम्पो बायपासला लागला. थंडी होती. रस्ता मोकळा. पुढे एक बॅटरी हलताना दिसली, थांबा म्हणून. बेंजामिनला वाटलं, पोलीस. त्यानं शंभराच्या दोन नोटा मुठीत धरल्या आणि टेम्पो थांबवला.

पोलीस नव्हता. अंगात काळा चामड्याचा सूट, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर हेल्मेट, काच खाली. सगळं नवंकोरं. हलला की चामडं करकरायचं. आणि त्या नव्या चामड्याच्या वासाखालून दुसरा एक वास येत होता. कारखान्याच्या मळीसारखा, आंबूस.

"गाडी उतरवा. चेकिंग हाय."

बेंजामिन हसला. "हितं कसलं आलंय चेकिंग? कोन रं तू?"

बॅटरी टेम्पोवर स्थिर. बेंजामिन म्हणतो, मी दोर कधी सोडला, फळी कधी लावली, मला कळलं नाही. गाडी रस्त्यावर उभी होती.

"हेल्मेट?"

"...न्हाई."

"हातमोजे?"

"न्हाई."

उजेड पुढच्या चाकावर आला. तिथेच थांबला. बराच वेळ.

"ब्रेक?"

"अरे, सरळ तर जायचं..."

"ट्रॉली पन सरळच उभी हुती, मामा."

बेंजामिनच्या हातातल्या नोटा खाली पडल्या. तो वाऱ्यानं उडून गेल्या म्हणतो. वारा नव्हता.

"समर्थ... लेकरा..."

"ओम यायच्या आधी गाडी बगायची आसंल. बसा."

"मी? मला न्हाई जमायचं. माझं वय..."

"ज्यानं ब्रेक काडला त्यानं बसायचं."

इंजिन सुरू झालं. किक कुणी मारली नव्हती. तो आवाज बेंजामिनला पाठ होता, त्याच्याच हातचा. पाय आपोआप वर गेला. बसला. मागे कुणीतरी बसलं. गाडी खाली दबली.

आणि सुटली.

दिवा नाही. चांदणं तेवढं. वारा डोळ्यांत. पहिला गिअर... दुसरा... तिसरा... यानं हात लावला नव्हता. मागून फक्त चामड्याची करकर.

मग ती दिसली.

ट्रॉली. काळी. उभी. मागे ऊस लोंबत होता.

बेंजामिननं पाय दाबला. मागचा ब्रेक. पायाखाली काहीच नाही. पुन्हा दाबला. काहीच नाही. त्याला एकच कळलं. आपण मरणार, आणि सकाळपर्यंत आपल्याला कुणी उचलणार नाही.

उसाची पानं दिसायला लागली. एकेक पान.

तेव्हा मागून दोन हात आले. हातमोजे घातलेले. त्याच्या खांद्यांवरून. हँडलवर टेकले. जिथे ब्रेकची दांडी असते तिथे, रिकाम्या जागी, उजव्या हाताची चार बोटं वळली...

आणि आवळली.

गाडी थांबली. उसाचं पान बेंजामिनच्या गालाला लागलं. इंजिन बंद. कुठे कुत्रंही भुंकत नव्हतं.

मागचं ओझं उतरलं. करकर दोन पावलं ऐकू आली.

मग तीही नाही.

पहाटे पावणेचारला माझं दार वाजलं. बेंजामिन गाडी ढकलत आला होता. टेम्पोचं त्याला भानच नव्हतं. ओमचे चौदा फोन येऊन गेलेले. माझ्या ओट्यावर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. पोरगं पाणी मागत होतं ते, पोत्यातलं इंजिन, मुक्ताबाईचा चहा, सगळं. तोवर मला यातलं काही ठाऊक नव्हतं. वर्षभर मी या माणसाच्या मांडीला मांडी लावून चर्चमध्ये बसलो होतो! माझ्या मनात त्याची दया येईना. मी त्याला पाणी दिलं. चहा दिला नाही.

"कंट्रोलर," तो म्हणाला, "मी त्याला टाकून आलो, आन् त्यानं मला थांबवलं. का थांबवलं?"

उजाडल्यावर मी त्याला आधी मुक्ताबाईकडे पाठवला, मग पोलिसांकडे. तिनं त्याला उंबरठ्याच्या आत घेतलं नाही, आणि बरं केलं. गॅरेज आता बंद आहे. ओमनं पुढच्याच शनिवारी दुसऱ्या मिस्त्रीची गाडी धरली. बघे पुन्हा तेवढेच जमले, म्हणे. थू!

काय नोहा? झोपेत पडला असेल, दारू प्याला असेल, म्हणतोस? मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून पोलीस यायच्या आधी मी त्या गाडीपाशी खाली बसलो, चष्मा लावला आणि चाकं हातानं फिरवून बघितली. मागचा टायर धड होता, एक ओरखडा नाही. पुढचा एकाच जागी, तळहाताएवढा, घासून आतले दोरे बाहेर आले होते. बोट लावलं तर अजून गरम होता. आणि त्या चाकाला ब्रेक नव्हता, पोरांनो. ब्रेक अडकवायची लोखंडी पट्टीसुद्धा बेंजामिननं वजनासाठी कापून टाकली होती.