रिकाम्या झोळीचं वजन

कुमुदिनी त्या सकाळी कात्रपला गेली होती ती जुनं कापड मागायला. काम एवढंसं, पण ते तिला दुसऱ्या कुणावर सोपवायचं नव्हतं. तान्ह्या पोराच्या अंगाला नवं करकरीत कापड टोचतं, चार पावसाळे धुतलेलं लुगडंच हवं, हे तिला नर्सिंगच्या शाळेत नाही, आईने शिकवलं होतं. बदलापूरच्या दवाखान्यातून तिला पोरं जोखायचा काटा मिळाला होता. काट्याच्या आकड्याला अडकवायची झोळी मात्र एकच मिळाली होती, तीही जाडजूड मांजरपाटाची. दुसरी तिची तिलाच शिवायची होती.

झोळ्या दोन लागणार होत्या, कारण कात्रपच्या वाड्या दोन होत्या. हे डोकं दवाखान्यातल्या डॉक्टर दिनानाथांचं. साल चोपन्न. परदेशातून दुधाच्या भुकटीचे डबे आले होते, आणि आले म्हणून वाटत सुटायचं हे डॉक्टरांना पटेना. आधी सिद्ध करा, मग वाटा, हे त्यांचं पालुपद. म्हणून वरच्या वाडीतल्या बाळंतिणींना भुकटी द्यायची, खालच्या वाडीतल्यांना नाही, आणि दर आठवड्याला दोन्हीकडची पोरं जोखून कुठली बाळसं धरतात ते बघायचं, असं ठरलं. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सिस्टर," डॉक्टर बजावत. "दोन बदलल्या की मग बसा डोकं खाजवत."

झोळी ही दुसरी गोष्ट होती, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

वरच्या वाडीत कुणी लुगडं देईना. कुणाला गोधडीला हवं होतं, कुणाला पोतेऱ्याला. शेवटी वाडीच्या टोकाला एकटाच राहणारा महिपती आत गेला आणि एक हिरवं लुगडं घेऊन आला. धुऊन, नीट घडी घालून ठेवलेलं.

"पोरांना जोखणार ना यात?" त्याने विचारलं.

"हो."

"समद्या पोरांना?"

"सगळ्यांना."

"मंग न्या." त्याने घडीवरून एकदा हात फिरवला आणि चटकन आत निघून गेला. लुगडं कुणाचं हे कुमुदिनीने विचारलं नाही. मऊ होतं, तिला तेवढं पुरे होतं. त्याची झोळी तिने वरच्या वाडीसाठी शिवली, मांजरपाटाची खालच्या वाडीला ठेवली.

पहिले दोन आठवडे छान गेले. पिंपळाच्या फांदीला काटा टांगायचा, रिकामी झोळी अडकवून सुई शून्यावर आणायची आणि एकेक पोर आत ठेवायचं. वरच्या वाडीतल्या बायका सुरुवातीला कुरकुरल्या. जोखलं की पोराला नजर लागते म्हणाल्या. "नजर लागत नाही, आकडा लागतो," असं म्हणून कुमुदिनीने त्यांना हसवलं.

तिसऱ्या आठवड्यात सुई शून्यावर नव्हती. रिकामी झोळी, आणि सुई थोडी खाली. स्प्रिंग सैल झाली असेल म्हणून तिने स्क्रू पिळला. मग पोरं जोखली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. वरच्या वाडीतलं प्रत्येक पोर वजनात उतरलं होतं. सगळ्यांत जास्त अंजनीची मुलगी, अजून बारसंही न झालेली. खालच्या वाडीत, जिथे भुकटीचा कणही जात नव्हता, तिथली पोरं मात्र गुबगुबीत होत चालली होती.

पुढच्या आठवड्यात तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. सुई आणखी खाली गेली आणि पोरं आणखी वाळली. अंजनीच्या मुलीच्या मांडीची कातडी आता चिमटीत येई.

"पाणी घाण असेल," डॉक्टर म्हणाले. कुमुदिनीने घरोघर बसून स्वतः पाणी उकळलं. फरक पडला नाही.

"मग काटा खोटा असेल."

तिने काटा स्टेशनजवळच्या दुकानात नेला. निर्वासितांच्या कॅम्पातून येऊन दुकान थाटलेल्या सिंधी शेठने सुई शून्यावर आणून एकेक पितळी वजन आकड्याला लावून बघितलं. "बाईजी, काटा एकदम बराबर. छटाक का भी फरक नहीं," तो म्हणाला. मग गंमत म्हणून त्याने तिच्या पिशवीतली रिकामी झोळी आकड्याला अडकवली. सुई सरसर खाली उतरली आणि थांबली. शेठ हसायचा थांबला.

"इसमें क्या है?"

काही नव्हतं. कुमुदिनीने झोळी काढून चिमटीत धरली तर नुसतं कापड. परत टांगली की सुई खाली. आणि झोळीच्या तळाशी कापड ताणलेलं होतं, आत काही निजलेलं असावं तसं. वारा नसताना ती अगदी सावकाश झुलत होती. तिला आंबट दुधाचा वास आला... नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या चोळीला येतो तसा. शेठने हळूच दुकानाचं एक फळकूट लावून घेतलं. "ले जाओ बाईजी," तो पुटपुटला.

कुमुदिनीला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण शिकलेलं वाया जात नाही म्हणतात. भ्यायली तरी तिने केलं ते पद्धतीने केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिने भुकटी होती तिथेच ठेवली आणि फक्त झोळ्यांची अदलाबदल केली. मांजरपाट वर, लुगडं खाली. दोन आठवड्यांत अंजनीची मुलगी दूध ओढायला लागली, आणि खालच्या वाडीतली गुबगुबीत पोरं मान टाकायला लागली.

तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"कापडाने पोरं वाळतात? सिस्टर, एकदा घडलं तो योगायोग. फिरून घडलं तर पुरावा. या आठवड्यात झोळ्या पुन्हा जागच्या जागी न्या. लुगड्याची वरच्या वाडीत."

"म्हणजे अंजनीच्या मुलीला परत..."

"एकच आठवडा."

"ती एक आठवडा काढणार नाही, डॉक्टर."

"काढेल. आणि नाही केलंत तर उद्या तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार? मी तरी का ठेवावा?"

माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. चुकीचं औषध वर्षानुवर्षं वाटलेलं त्याने पाहिलं होतं, म्हणून असा हट्टी झाला होता. पण पोर त्याने हातात धरलेलं नव्हतं.

माघातली दुपार होती. ऊन टळटळीत, आणि वालाच्या शेतांतून माणूस दिसत नव्हतं. कुमुदिनी आधी महिपतीच्या दारात गेली. तो ओटीवरच बसला होता, जणू वाट बघत.

"महिपतीदादा, ते लुगडं कुणाचं?"

"वेणूचं."

"तुमची बायको?"

त्याने मान डोलावली. "भाताच्या लावणीत गेली. पोर पोटातच... सुटली न्हाय. तिचे कपडे नदीला सोडायचे असतात. समदे सोडले. ह्ये न्हाय सोडवलं."

बाळंतपणात अडून गेलेल्या बाईचं कापड कुणी घरात ठेवत नाही, हे कुमुदिनीला ठाऊक होतं. भोळसट समजूत म्हणून तिनेच कितीदा नाक मुरडलं होतं.

"मला का दिलंत?"

"तुमी म्हणालात, समद्या पोरांना जोखणार." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "माझ्या पोराला कुणी जोखलं न्हाय, बाय. कुणी हातात पण घेतलं न्हाय."

पिंपळाखाली अंजनी उभी होती. मुलगी तिच्या खांद्यावर झोपलेली. कुमुदिनीने काटा टांगला आणि झोळी अडकवली. सुई खाली गेली, पुरत्या दिवसांच्या पोराइतकी खाली. फांदी करकरली. झोळी झुलायला लागली... आणि अंजनीच्या खांद्यावरची मुलगी झोपेतच कण्हली.

"ठेवू का?" अंजनीने विचारलं.

"नको."

"डाक्टर रागावतील तुमाला."

"रागावू देत. मागे सर, अंजनी. अजून मागे."

पुरावा गेला खड्ड्यात, असं तिला वाटलं, आणि त्याबरोबर रडूही आलं. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त कणव येत होती. दर आठवड्याला आपण हे लोखंडी आकड्याला टांगलं, शून्य म्हटलं आणि दोन बोटांनी उचलून पिशवीत कोंबलं. तिने दोन्ही हात पुढे केले. एक हात मानेखाली, एक हात ढुंगणाखाली, तान्हं पोर उचलतात तसे, आणि झोळी आकड्यावरून काढली.

हात वजनाने खाली गेले. या खेपेला ते नुसतं कापड नव्हतं.

किती वेळ ती तशी उभी होती, अंजनीला सांगता आलं नाही. नर्सबाई हलकेच डोलत होत्या, एवढंच ती पुढे सांगे. मग महिपती आला. त्याने झोळी कुमुदिनीच्या हातांतून सोडवून घेतली, शेताच्या बांधावर नेली आणि पेटवली. कापड जळून जाईपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. दोन्ही वाड्यांना मांजरपाटाच्या झोळ्या आल्या आणि दोन्हीकडची पोरं अंग धरू लागली. वरच्या वाडीतली जरा जास्तच. भुकटी गुणकारी आहे असं सिद्ध झालं आणि डॉक्टर दिनानाथ खूश झाले. अंजनीच्या मुलीचं बारसं झालं. कुमुदिनीला डॉक्टरांनी पुन्हा कधी टोकलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "तुम्ही फार वाळलात, सिस्टर. जेवता ना नीट?" ती हसली. चोळ्या तिने केव्हाच टीप मारून आत घेतल्या होत्या.

चैत्रातल्या एका दुपारी ती कात्रपहून परतत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरून डोक्यावर शेंगांची पाटी घेतलेली एक म्हातारी आली, परक्या गावची. तिने कुमुदिनीला वाट दिली आणि थबकली.

"ऊन लय हाय गो बाय," ती म्हणाली. "पोराच्या डोक्यावर पदर घे."

म्हातारी पुढे निघून गेली. कुमुदिनीने खाली पाहिलं. उजव्या हातात पिशवी होती. डावा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला होता, आणि त्यात काहीच नव्हतं. केव्हापासून तो असा होता, तिला आठवेना. एवढं खरं, की गेल्या आठवड्यापेक्षा तो आज जास्त भरून आला होता. तिने तो सरळ करायचं मनात आणलं... आणि केलं नाही.

तिने पिशवी रस्त्यात ठेवली, डाव्या दंडावर पदर ओढून घेतला, पिशवी उचलली आणि पुन्हा चालू लागली, जरा सावकाश, झोप मोडू नये म्हणून.