मागच्या दाराचा ओरखडा

"माझ्या गाडीवरचा ओरखडा चोरीला गेलाय," बद्रीनाथ म्हणाले.

पुंजारामला हसू आलं. त्याच्या वरिष्ठ, खासगी तपासनीस द्वारकाबाई, हसल्या नाहीत.

बद्रीनाथांच्या पत्नी वच्छलाबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. तेव्हापासून त्यांची निळी फियाट औरंगपुऱ्यातल्या घरामागे शेडमध्ये उभी होती. वच्छलाबाईंनी ती एकदा घराच्या फाटकाला घासली, त्याचा तो ओरखडा.

"रोज सकाळी त्यावर बोट फिरवतो मी. घरात दुसरं आहे कोण?"

शेडला कुलूप नव्हतं. गाडीवर धुळीचा थर होता. फक्त मागचं डावं दार मेणाचं पॉलिश लावल्यानं आरशासारखं चमकत होतं. काचेखाली, जिथं ओरखडा होता, तिथं आता काहीच दिसत नव्हतं. दाराच्या काळ्या रबरावर मेणाचा पांढरा कणही सांडलेला नव्हता.

द्वारकाबाईंनी फाटकही पाहिलं. खांब गुळगुळीत. पुढं आलेली एकच वस्तू, लोखंडी बिजागरी, गुडघ्याच्या उंचीवर.

गुलमंडीतल्या कापडदुकानात पुतण्या रामकिसन वैतागला. "गाडी विका, असं मी काकांना म्हणतो. पण हात नाही लावला. मेण कसं लावतात तेही मला ठाऊक नाही."

बद्रीनाथांचा जुना ड्रायव्हर कडूबा आपल्या घराच्या दारातच बाजेवर बसला होता. द्वारकाबाई एवढंच म्हणाल्या, "साहेबांच्या गाडीला कुणीतरी मेण लावलंय."

"मागच्या दाराला म्या बोटबी लावलं नाय, बाई!"

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"रामकिसननं विकण्यासाठी चमकवली असती, तर सगळी गाडी चमकवली असती," त्या म्हणाल्या. "इथं एकच दार आहे. मेण पातळ, रबर स्वच्छ, म्हणजे हात सराईत. आणि कडूबा, कोणतं दार ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

कडूबानं मान खाली घातली.

द्वारकाबाईंनी रॉकेलचा बोळा दारावर फिरवला. मेण उतरलं. ओरखडा दिसू लागला.

"मेणानं ओरखडा बुजतो, जात नाही," त्या म्हणाल्या. "सराईत माणसानं रंग घासायच्या खरखरीत कंपाऊंडनं तो कायमचा का नाही काढला?"

"कंपाऊंडनं रंग बी जातो," कडूबा पुटपुटला. "रंग बाईंनी निवडलेला."

"पण लपवायचा तरी कशाला?" पुंजारामनं विचारलं.

"फाटकाची बिजागरी गुडघ्याएवढी. ओरखडा काचेखाली. गाडी फाटकाला घासलीच नव्हती. ज्याला हा एवढाच डाग सलत होता, त्यानंच तो पाडला."

कडूबा रडू लागला. "पैठणच्या बाजारात बैलाचं शिंग घासलं, साहेब. म्या चालवत होतो. बाई म्हणल्या, 'तुझी नोकरी जाईल, मला फार तर बोलतील.' आता डोळ्यानं कमी दिसतंय. दिसतंय तवर तेवढं झाकावं म्हणलं. खरं बोलायची हिंमत नव्हती."

बद्रीनाथांनी ओरखड्यावर बोट ठेवलं.

"मी नुसता बोललो नाही, कडूबा. किल्ली काढून घेतली. नंतर अकरा वर्षं ती मागच्या सीटवर बसली. एकदाही म्हणाली नाही, की तेव्हा मी चालवत नव्हते."

रामकिसन निघून गेला. पुंजारामला कुठं पाहावं कळेना.

"ती चालवायची कशी?" बद्रीनाथांनी विचारलं. "मी कधी शेजारी बसलोच नाही."

"लई झ्याक, साहेब. माझ्यापरीस चांगली. गाणं म्हणत चालवायच्या."

"गाणं?" बद्रीनाथ म्हणाले. "ती गात होती?"