टिबुकलीचं घरटं आणि मुखरूभाऊंची पाटी

"दुसरंही गेलं!" मयुरीने कपाळावर हात मारला. "काल इथीच होतं ना गं?"

"होतं!" तिची मैत्रीण सोनू म्हणाली.

गावचा तलाव पक्ष्यांसाठी राखीव झाल्यापासून मयुरीच्या सुट्ट्या इथेच जायच्या. यंदा तिने टिबुकल्यांची, त्या बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांची, शेवाळाची तीन तरंगती घरटी शोधली होती. आठवड्यात दोन नाहीशी! उरलं होतं ते कमळांजवळचं, चार अंड्यांचं.

"बिबट्यानं नेलं असंल," निकेश म्हणाला. हा तिचा आतेभाऊ जंगलालगतच्या मोहर्लीचा. पान हललं तरी त्याला बिबट्या दिसायचा.

"बिबट्या शेवाळ कायले नेईल रे? अंडीच नाई, अख्खं घरटं गेलं!"

"ए पोट्टेहो!" राखणदार मुखरूभाऊ पायवाटेवरून गरजले. "'पुढे जाऊ नये' लिवलं हाये, पाटी वाचता येत नाई का?"

"भाऊ, कोणीतरी घरटी नेऊन राह्यलं!"

"तुमीच पाखरायले भेववता. व्हा घरी!"

मयुरीचं डोकं भणाणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! भाऊंना पाट्या रंगवायला वेळ होता, ऐकायला नव्हता.

परतताना पाळीवर, तलावाच्या बांधावर, सोनूला ओल्या शेवाळाचे दोन ढीग दिसले. मयुरीने एक उकरला. आत अंड्यांची टरफलं! शेजारीच पडला होता भाऊंचा शेवाळ ओढायचा बांबूचा आकडा.

"म्हणजे राखणदारच चोर?" सोनूचे डोळे विस्फारले.

"चोर नाई. त्यायले दिसतच नाई!" मयुरी चिडून म्हणाली. टिबुकली घरट्यावरून उठताना अंडी शेवाळाने झाकून ठेवते. परवा वनखात्याचे मोठे साहेब येणार, म्हणून भाऊ तलाव साफ करत होते. त्यांच्या लेखी तो कचराच!

"मंग सांगू ना त्यायले," निकेश म्हणाला.

"ते आपलं आयकतात काय? ते फक्त सोताच्या पाटीचं आयकतात!" बोलता बोलता मयुरी थांबली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मयुरी कंबरभर पाण्यात उतरली. मासेमाराची लेक ती, तिला तलावाचा तळ पाठ होता. थोड्या वेळाने मुखरूभाऊ डोंगा वल्हवत, आकडा सरसावत आले, आणि थबकले. घरट्याच्या दहा हात अलीकडे त्यांच्याच अक्षरातली पाटी उभी होती: 'पुढे जाऊ नये. हुकमावरून.'

"माही पाटी पाण्यात कोणं रोवली?"

"मी!" मयुरी पाळीवरून ओरडली. "भाऊ, दहा मिनिटं गुमान बसा. मंग काय मारायचं ते मारा!"

पाटी ओलांडणं भाऊंच्या जिवावर आलं. ते धुसफुसत बसून राहिले. मग टिबुकली बुडी मारून वर आली, त्या 'कचऱ्यावर' चढली आणि चोचीने शेवाळ बाजूला सारू लागली. चार अंडी!

भाऊंच्या हातातला आकडा पाण्यात पडला.

"आन् पाळीवरचे ते दोन ढीग?" त्यांनी हळूच विचारलं. मयुरीने मान खाली घातली. इतका राग होता, तरी आता तिला भाऊंचीच कीव आली.

साहेब आले तेव्हा त्यांनी घरट्याकडे बोट दाखवून सगळ्यात आधी विचारलं, "मुखरू, कमळांजवळ तो कचरा कशाला ठेवलाय?"

"कचरा नाई, साहेब. घर हाये ते," भाऊ म्हणाले. "असेच दोन घरं म्या मोडले. हे तिसरं या पोरीनं वाचोलं."

"शाब्बास, पोरी!" साहेबांनी तिची पाठ थोपटली. "आमच्या डोळ्यांना जे दिसलं नाही, ते तू पाहिलंस."

"बिबट्या नोताच त मंग," निकेश हिरमुसून पुटपुटला.

संध्याकाळी भाऊ रंगाचा डबा घेऊन डोंग्यातून त्या पाटीपर्यंत गेले. ते परतल्यावर पोरांनी पाळीवरून वाचलं. खाली एक ओळ वाढली होती: 'राखणदारानेसुद्धा.'